फक्त तुमच्याच मुलीच्या डोक्यात

चिठ्ठी तिच्या पाठीला लावली होती. दप्तरात नाही, डब्याच्या पिशवीतही नाही. फ्रॉकच्या मागे, दोन खांद्यांच्या बरोबर मधे, सेफ्टी पिनने. पार्सलवर पत्ता असतो तशी. त्या दिवशी मला पोचायला अकरा मिनिटं उशीर झाला होता आणि तेवढ्या वेळात पाळणाघराच्या फाटकाशी उभ्या असलेल्या सगळ्या आयांनी, दोन बाबांनी आणि एका आजोबांनी ती वाचून घेतली होती. एरवी त्या फाटकाशी कोपराने ढकलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या दिवशी माझ्यासाठी वाट आपोआप मोकळी झाली.

'आपल्या पाल्याच्या डोक्यात उवा आढळल्या आहेत. डोके पूर्ण स्वच्छ होईपर्यंत पाल्यास पाठवू नये.' मजकूर छापील होता. वरच्या रिकाम्या ओळीत माझ्या मुलीचं नाव पेनाने भरलं होतं.

मुलगी माझी चार वर्षांची. तिचं खरं नाव आम्ही दोघांनी तीन पुस्तकं चाळून ठरवलं होतं, पण चालायला लागल्यापासून ती सरळ रेषेत चाललीच नाही. दारापासून पलंगापर्यंत यायचं तरी दोन गिरक्या घेऊन येते. म्हणून भिंगरी. त्या संध्याकाळीही ती गिरकी घेतच आली, त्यामुळे उरल्यासुरल्यांनाही पाठ वाचायला मिळाली. घरी जाताना तिने विचारलं, माझ्या पाठीवर काय लिहिलंय. मी सांगितलं, तू आज छान झोपलीस असं लिहिलंय. ती एवढी खूश झाली की पिन काढूच देईना.

पाळणाघर चालवतात त्यांना सगळे ताई म्हणतात. पन्नाशीच्या, चष्म्याला साखळी, आवाज इतका मऊ की त्या बोलत असताना आपणच ओरडतोय असं वाटावं. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका हं. बाकी कुणाला नाहीयेत, फक्त तुमच्याच मुलीच्या डोक्यात आहेत. मी कुणाला बोलणार नाही."

पाठीला चिठ्ठी टाचायची आणि वर कुणाला बोलणार नाही म्हणायचं. पण तेव्हा मला राग आला नाही, हे आज लिहितानाही लाजिरवाणं वाटतं. तेव्हा मला फक्त शरम वाटली. मी त्यांना चक्क धन्यवाद दिले.

घरी आल्यावर नवरा ऐकता ऐकताच डोकं खाजवायला लागला. त्याला टक्कल आहे. मी तसं बघितल्यावर म्हणाला, "माझ्याकडे कोण राहायला येणार? ना झाडी, ना सावली." मला हसू आलं नाही. आईला फोन केला. तिला तर यात रडण्यासारखं काय आहे तेच कळेना. तुझ्याही डोक्यात होत्या, तिसरीत असताना, म्हणाली. सगळ्या वर्गाच्याच होत्या. मी म्हटलं, तो काळ वेगळा होता. ती म्हणाली, उवा त्याच आहेत ना?

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. घरोघरचे, टाक्यांचे, नळांचे नमुने आणायचे, त्यातले जंतू काचेच्या ताटलीत वाढवायचे आणि उगवलेले ठिपके मोजायचे. मोजणं ही माझी सवय आहे, भीती वाटली की जास्तच. भिंगरीला खिडकीशी बसवलं, केस ओले करून बारीक फणीने एकेक बट विंचरली आणि फणी पांढऱ्या कागदावर झटकली. नऊ उवा निघाल्या. लिखा मोजवेनात, पण त्या केसांच्या मुळापासून किती दूर आहेत ते पट्टीने बघितलं. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो आणि लीख मुळाशीच चिकटवली जाते, म्हणजे ती जितकी दूर तितकी जुनी. सगळ्यात दूरची अर्ध्या सेंटिमीटरवर होती. म्हणजे फार तर पंधरा दिवस. कुणाकडून तरी आल्या होत्या.

कुणाकडून, या प्रश्नाने माझं डोकं कुरतडायला सुरुवात केली. पाळणाघरातल्या मावशींवर माझा पहिला संशय गेला, कारण त्या सतत डोक्याला रुमाल बांधतात. नंतर जुळ्या भावांवर, त्यांची नाकं वाहतात म्हणून. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या मुलीवर गेला नाही, कारण तिचे केस कायम चापूनचोपून बांधलेले आणि तिची आई डॉक्टर. शिकलेल्या बाईचं डोकं हे असं चालतं.

दोन दिवस रजा घेतली. औषध लावलं, रोज विंचरलं, चादरी, टोप्या, फणी सगळं गरम पाण्यातून काढलं. तिसऱ्या दिवशी ताईंनी फाटकातच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने तिचे केस उलटेपालटे करून बघितले आणि आत घेतलं. औषधाने लिखा मरत नाहीत, त्यामुळे नवव्या दिवशी पुन्हा लावलं. कॅलेंडरवर खूण केली. कुठे म्हणून कसर सोडली नाही.

त्यानंतर चार दिवसांनी दुसरी चिठ्ठी आली. तीच पिन, तीच जागा, तेच वाक्य: बाकी कुणाला नाहीयेत हो. शिवाय या वेळी ताई असंही म्हणाल्या की तिसऱ्यांदा आढळलं तर नाव काढावं लागेल, नाइलाज आहे, सव्वीस मुलं यादीत ताटकळत आहेत. आमच्या भागात सकाळी सातला उघडणारं दुसरं पाळणाघर नाही. मला साडेसातला पहिला नमुना घ्यायचा असतो. नवऱ्याची पाळी सहाला सुरू होते. प्रयोगशाळेत मी सहा महिन्यांच्या बोलीवर लागले होते आणि महिनाअखेरीस मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. आमच्या मोठ्या मॅडम वाईट नाहीत, पण रजेचा अर्ज हातात घेऊन त्या नुसत्या "हं" म्हणाल्या आणि त्या "हं"चा अर्थ मला जिना उतरेपर्यंत पुरला. भिंगरीची जागा गेली तर माझी नोकरी गेली, इतका सरळ हिशेब होता.

फाटकातून निघताना डॉक्टरीणबाई आपल्या मुलीला म्हणाल्या, "भिंगरीला हात लावायचा नाही, सांगितलंय ना?" हळू म्हणाल्या. पण भिंगरीला ऐकू गेलं. ती गिरकी न घेता, सरळ चालत घरी आली.

त्या दिवशी विंचरलं तेव्हा फक्त चार उवा निघाल्या, पण चारही पूर्ण वाढलेल्या. लीख मी एकही सोडली नव्हती. सोडली असती तरी त्यातून फुटलेली ऊ चार दिवसांत एवढी मोठी होत नाही, तिला दहाएक दिवस लागतात. पांढऱ्या कागदावर त्या चौघींकडे बघत बसले आणि मला कॉलेजातल्या बरण्या आठवल्या.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला पिठातल्या किड्यांचा प्रयोग होता. बरणीत मोजून पीठ, मोजून दहा किडे, वर जाळीचं कापड. दर आठवड्याला चाळायचं, मोजायचं आणि परत सोडायचं. आधी हळूहळू, मग धडाधड वाढत गेले, आणि एका आकड्याला येऊन थांबले. वर जाईनात. गर्दी झाली की स्वतःचीच अंडी खाऊ लागले. सरांनी एकदा सगळ्यांना निम्मे किडे काढून टाकायला लावले. आम्हाला वाटलं, आता आकडा खाली. महिन्याभरात पुन्हा तेवढेच. तेव्हा सर म्हणाले होते की तुम्ही किडे मोजताय, पीठ मोजा. पीठ तेवढंच आहे तोवर किडेही तेवढेच राहणार. आणि एका गटाचं वरचं कापड सैल होतं, त्यांनी किडे सगळे काढून टाकले तरी शेजारच्या बरणीतून चालत यायचे. तो गट वर्षाअखेरपर्यंत एकमेकांना दोष देत होता.

एकेका मुलाचं डोकं म्हणजे एकेक बरणी. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, डोक्याबाहेर दोन दिवससुद्धा जगत नाही. तिला एका बरणीतून दुसरीत जायचं तर केसाला केस लागावा लागतो. मी माझी बरणी घासूनपुसून लख्ख करत होते, आणि माझ्या मुलीच्या डोक्यावरचं कापड रोज कुणीतरी सैल करत होतं. कुठे? सकाळी ती दप्तर घेऊन पळते, खेळते, भांडते. डोक्याला डोकं एवढा वेळ लागतं कुठे?

पुढच्या मंगळवारी मला पाळणाघराच्याच रस्त्यावरच्या टाकीचा नमुना घ्यायचा होता. दुपारचे दोन वाजले होते. नमुन्यांची बर्फाची पेटी खांद्याला होती. मी पाळणाघराच्या मागच्या दाराने गेले. पालकांनी झोपेच्या वेळी यायचं नाही असा नियम आहे. मुलं बिथरतात, असं ताई सांगतात. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

आत अंधूक होतं. वीस फूट लांब, बारा फूट रुंद खोली, दोन्ही भिंतींना कपाटं आणि टेबलं. मधल्या जागेत मुलांच्या दोन रांगा, एकमेकींकडे डोकी करून झोपलेल्या. आणि त्या दोन रांगांच्या मधे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकच लांबलचक उशी. ताईंनी स्वतः शिवलेली, फुलाफुलांच्या कापडाची. उशांवरून भांडणं नकोत आणि मावशींना एका जागेवरून दोन्ही हातांनी दोन्हीकडची मुलं थोपटता यावीत, म्हणून ही सोय, असं मला नंतर कळलं. एका उशीवर दोन्ही बाजूंनी डोकी. जुळ्यांपैकी एकाचं कपाळ भिंगरीच्या केसांत खुपसलेलं होतं. तिची वेणी पलीकडच्या मुलीच्या गालावर. डॉक्टरीणबाईंची मुलगी आपली चापूनचोपून घातलेली वेणी सोडून, भिंगरीच्या केसांत बोटं घालून झोपली होती.

मी मोजली. तेहतीस. मी भिंगरीचं नाव घातलं तेव्हा अठरा होती आणि प्रत्येकाची स्वतंत्र गादी होती, भिंतीला टेकवून ठेवलेली, वर नावाची चिठ्ठी. आता एकेकाच्या वाट्याला सव्वा फूट येत होतं. कोंबड्यांनासुद्धा...

मावशींनी मला पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं. घाबरल्या होत्या. मग हात त्यांच्याही नकळत रुमालाखाली गेला आणि त्यांनी कराकरा डोकं खाजवलं. दोघींची नजर तिथेच भेटली. मला वाटत होतं तसा मला त्यांचा राग आला नाही. तेहतीस मुलांना एकटीने निजवणाऱ्या बाईच्या डोक्यात उवा मुलांकडून आल्या होत्या, तिच्याकडून मुलांत नाही, एवढं तरी मला आता कळत होतं.

"किती दिवस?" मी ओठांनीच विचारलं.

"दिवस कुठले," त्या म्हणाल्या. "नऊ महिने होतील आता."

मग त्यांनी खिडकीकडे मान हलवली. खिडकीत पावतीपुस्तकासारखं एक पुस्तक पडलं होतं. त्याच चिठ्ठ्यांचं. वरचं पान फाडायचं आणि खाली कार्बनची नक्कल राहते ते. मला तेव्हा कुठे उमगलं की एका मुलीसाठी कुणी पन्नास चिठ्ठ्या छापून घेत नाही. मी पानं उलटली. एकतीस नकला होत्या, एकोणीस नावं. जुळे दोघेही होते. वेळेवर येणाऱ्यांच्या पोरांची पिन दारातच निघत असणार, पाठ सगळ्यांना वाचायला मिळाली ती माझ्या उशिरामुळे. डॉक्टरीणबाईंची मुलगी तीनदा होती, आणि तिचं नाव काही काढलेलं नव्हतं.

जुळ्यांचं एक धरून अठरा घरांत मऊ आवाजात सांगितलं गेलं होतं, फक्त तुमच्याच. अठरा आया आपापल्या खिडकीशी, दार लावून, आपापली बरणी घासत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच उशीवर लेकरू निजवायला पाठवत होत्या. आणि फाटकाशी उभ्या राहून एकमेकींच्या मुलांपासून आपलं मूल लांब ओढत होत्या. मीसुद्धा. बर्फाची पेटी उचलून मी बाहेर आले तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. उवांवर नाही. उवा बिचाऱ्या उवांसारख्या वागत होत्या.

नमुना प्रयोगशाळेत पोचवला. वाटेत ठरवत होते, फाटकाशी ते पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचं. नावासकट. डॉक्टरीणबाईंचं तर तीनदा. तो विचार मला इतका गोड लागला की मीच दचकले. मग पाठीवर चिठ्ठी टाचणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

संध्याकाळी सहाला गेले. फाटकाशी नेहमीची गर्दी होती. मी पायरीवर बसले, पर्समधून प्रयोगशाळेतला गाळणीचा पांढरा गोल कागद काढून मांडीवर ठेवला, माझा अंबाडा सोडला आणि फणी घातली. माझ्याच केसांत. भिंगरी रात्रभर माझ्या कुशीत झोपते, मला नसत्या तरच नवल. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला एक पडली, मग आणखी दोन. पांढऱ्या कागदावर त्या फार ठळक दिसतात. आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. एक बाबा फोनमध्ये बघायचं विसरले. मी उठून कागद सगळ्यांना दिसेल असा धरला.

"या माझ्या डोक्यातल्या," मी म्हटलं. "मुलीच्या आणि माझ्या. मला दोनदा सांगितलं, फक्त तुमच्याच मुलीला आहेत. आणखी कुणाला असं सांगितलंय का?"

दोघी-तिघी मुलांचे हात धरून निघायला लागल्या. मला वाटलं, संपलं. उद्यापासून मी इथली वेडी बाई. जुळ्यांची आई जमिनीकडे बघत होती. मग माझ्या मागून, खाकरून घसा साफ केल्यासारखा आवाज आला.

"मला तीनदा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यानंतर एकेक बोलायला लागलं. दोनदा. एकदा. गेल्या महिन्यात. आम्ही तर हिचे केसच कापून टाकले. मी सासूबाईंना सांगितलंसुद्धा नाही. जुळ्यांची आई रडायला लागली. नवऱ्याने तिला, तुझ्या माहेरून आणल्यास, असं ऐकवलं होतं. आजोबा म्हणाले की ते गेले पाच महिने रोज संध्याकाळी नातवाच्या आईपासून लपवून औषध लावतात, आणि नातवाची आई त्यांच्यापासून लपवून. त्यावर कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले, आणि त्या हसण्याने ताई बाहेर आल्या.

त्यांनी आम्हाला पुढच्या खोलीत यायची विनंती केली. रस्त्यावर तमाशा नको. त्या खोलीत मी नाव घालायला आले तेव्हा एकदा बसले होते. सोफा, काचेचं कपाट, त्यात ट्रॉफ्या. आम्ही बारा-तेरा जण दारातच उभे राहिलो, कारण चपला घालून गालिच्यावर यायचं नाही. मी शक्य तितक्या शांतपणे सांगितलं. एकट्या-दुकट्याला घरी पाठवून काही होणार नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं, मुलांनी, आयांनी, मावशींनी आणि ताईंनीही, आणि नवव्या दिवशी पुन्हा. ती उशी उसवायची. आणि एका खोलीत तेहतीस मुलं निजवायची नाहीत. डोकी इतकी जवळ असतील तर पुन्हा हेच होणार, उवा नाहीतर खोकला, खोकला नाहीतर जुलाब. ती जागा अठरांची आहे.

ताई शांतपणे ऐकत होत्या. मग चष्मा काढून साखळीला सोडला.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "मोजमाप तुम्हाला जमतं. मग तुम्हीच सांगा, कुठली पंधरा मुलं उद्यापासून येणार नाहीत?"

आवाज तसाच मऊ. आणि मी बघितलं, आम्ही सगळे कसे झालो ते. एका क्षणापूर्वी हसणारी माणसं एकमेकांकडे चोरून बघायला लागली. कुणाची आजी घरी असते. कुणी उशिरा नाव घातलं. कुणाला जुळी आहेत, म्हणजे एका घराच्या दोन जागा. जुळ्यांच्या आईने डोळे पुसायचे थांबवले. मीही मनातल्या मनात यादी करत होते, आणि त्या यादीत भिंगरी नव्हती. बरणीत गर्दी झाली की ते किडे कसे वागतात ते मला पाठ होतं. पण आम्हाला बरणीत कुणी कोंबलं होतं? यादीतली सव्वीस मुलं दाखवून, अठरांच्या जागेत पंधरा जास्त भरून, मग आम्हालाच विचारायचं की कुणाला बाहेर काढू?

बोलल्या त्या मावशी. त्या स्वयंपाकघराच्या दारात, कडेवर सगळ्यात लहान मूल घेऊन उभ्या होत्या. कुणाकडे न बघता, जणू पोराशीच बोलतायत अशा म्हणाल्या, "ही खोली मी रोज सकाळी पुसते. दिवसभर इथं कुणी पाय ठेवत नाही."

सगळ्यांनी खाली बघितलं. गालिचा. मग सोफा. मग भिंतीपासून भिंतीपर्यंत ती रिकामी, लख्ख, पंख्याखालची खोली. ताईंचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा बदललेला पाहिला. ही खोली येणाऱ्या पालकांना दाखवण्यासाठी आहे, असं काहीतरी त्या बोलत होत्या. मग मावशींकडे वळून, तुमच्याशी नंतर बोलते. मग माझ्याकडे: इतका अविश्वास असेल तर मुलीचं नाव काढून घ्या.

महिनाअखेरीला सहा दिवस होते.

"माझ्याही मुलीचं काढा मग," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि कारण लिहून द्या. छापील पुस्तक आहेच तुमच्याकडे." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या कधीच बघत नाहीत. पण चपला काढून त्या गालिच्यावर गेल्या, सोफ्याचं एक टोक धरलं आणि आजोबांना म्हणाल्या, काका, जरा पलीकडून धरता का?

त्या रविवारी पाळणाघराच्या अंगणात खुर्च्या मांडून आम्ही सगळ्यांची डोकी केली. मोठ्यांचीही. टक्कल असलेला माझा नवरा मोठ्या हौसेने शेवटी बसला आणि तपासून घ्या म्हणाला. नवव्या दिवशी पुन्हा केली. मावशींचे केस मी विंचरले. पाठीच्या खालपर्यंत आहेत, मला माहीतच नव्हतं. त्या म्हणत होत्या, राहू द्या हो, आणि डोळे मिटून बसल्या होत्या. मावशींना काढलं तर आम्ही कुणीच मुलं पाठवणार नाही, हे ताईंना सांगायला पाच जण गेले होते. पाच आठवड्यांनी मी भिंगरीचं डोकं बघितलं तर एकही नाही. माझी नोकरी कायम झाली. पुढच्या पालकसभेत ताईंनी सांगितलं की स्वतंत्र गाद्या आणि दोन हवेशीर खोल्या ही आपल्या पाळणाघराची नवी पद्धत आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

आणि मोजायचं मी थांबवलं नाही. तेहतीस होती. दुसऱ्या महिन्यात छत्तीस झाली. मग अडतीस. नवी खोली मिळाली, मग ती भरायलाच हवी, नाही का? काल एक्केचाळीस होती आणि पुढच्या खोलीतल्या गाद्या पुन्हा एकमेकींना चिकटल्या होत्या. मावशी अजून एकट्याच आहेत. रात्री स्वयंपाक करता करता मी एक कागद लिहिला. दोन खोल्यांत मिळून छत्तीस मुलं. दोन मावशी. एवढं होईपर्यंत नवं नाव नाही. आज सकाळी फाटकाशी त्यावर चौदा सह्या झाल्या, पहिली डॉक्टरीणबाईंची.

कागद द्यायला आत गेले तर ताई एका बाईला गाद्या दाखवत होत्या. माझ्याहून लहान असेल. कडेवर वर्षाचं मूल, खांद्यावर दप्तरासारखी पिशवी, डोळ्यांखाली काळं. ताई तिला म्हणत होत्या की एकच जागा उरलीय, फक्त तुमच्यासाठी ठेवलीय.

मी तिला सांगितलं की इथे एक्केचाळीस मुलं आहेत आणि तुमचं बेचाळिसावं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी तिच्या हातातलं काही हिसकावून घ्यायला आले आहे. तिला सोमवारी कामावर रुजू व्हायचं होतं. तसं ती म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. मला तो आवाज ओळखू आला. मी चिडले होते, पण तिच्यावर नाही. तिला सांगितलं की तुमचं मूल येऊ नये असं मला म्हणायचं नाही. त्याला निजायला जागा हवी आणि थोपटायला माणूस हवं, आणि ते एकेकटीने मागून मिळत नाही. तुम्हाला गरज आहे हे त्यांना माहीत आहे, म्हणून तर घाई चाललीय. दुसऱ्या मावशी लागल्या आणि जागा झाली की पहिलं नाव तुमचं, हे मीच खाली लिहून देते, आणि तोवर सोमवारपासून सकाळी आमच्यातले एक आजोबा आणि दुपारनंतर माझा नवरा तुमचं मूल सांभाळतील, नवऱ्याची पाळी दोनला संपते. दोघांनाही विचारलं नव्हतं. विचारेन.

ताई मऊ आवाजात म्हणाल्या की ही चर्चा आपण बाहेर करूया का.

त्या बाईने कागद घेतला आणि सगळा वाचला, दोनदा. मूल तिच्या हातातून कागद ओढत होतं. तिने ते दुसऱ्या कडेवर घेतलं आणि माझ्याकडे पेन मागितलं.